घरबसल्या

‘घरबसल्या कमवा, मुलांनाही वेळ द्या’ म्हणणाऱ्या जाहिरातीतली आई नेहमी पांढऱ्या सोफ्यावर बसलेली असते. मांडीवर लॅपटॉप, शेजारी हसरं बाळ. ते बाळ कीबोर्डवर वरणभात सांडत नाही, की मीटिंगमध्ये बोलायची पाळी आली की नेमकं ‘आई, शी!’ असं ओरडत नाही. प्रत्यक्षात कामाची वेळ आपण ठरवायची म्हणजे सगळे झोपल्यावर बसायचं. दिवसा ‘ती काय, घरीच असते’ म्हणून कुरिअर, गॅसवाला आणि सासूबाईंची भिशी तिच्याच वाट्याला. नवराही घरूनच काम करतो. पण त्याच्या खोलीचं दार बंद असतं, म्हणून ते ऑफिस.

मातृत्व लाभ कायद्याने २०१७च्या दुरुस्तीत पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा दिली, ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सक्ती केली. पण हे सगळं नोकरदार आईला. फ्रीलान्सर आईने अर्ज करायचा कुणाकडे? पाळणाघराची फी तिच्याच पर्समधून जाते, आणि तिथूनही दुपारी फोन येतो, ‘तुम्ही घरीच आहात ना? आज जरा लवकर न्याल?’ तिकडे क्लायंट ‘पेमेंट प्रोसेसमध्ये आहे’ एवढंच कळवतो. रजा द्यायची तर मालकीण तीच, आणि या मालकिणीला रजा परवडत नाही.