सी-व्ह्यूवाल्या शेजाऱ्यांस

प्रति,
विसाव्या मजल्यावरील व त्यावरील सर्व मान्यवर,
माझगाव (आपल्या पत्त्यात ‘साउथ मुंबई’)

विषय : बंदरात बंदर असल्याबद्दल दिलगिरी.

स. न. वि. वि.

पहाटेच्या मासळीच्या वासाबद्दल आपल्या सोसायटीने तक्रारअर्ज दिल्याचं कळलं. मान शरमेनं खाली गेली. भाऊच्या धक्क्यावर उजाडायच्या आत लिलाव लागतो, हे ब्रोशरमध्ये छापायचं राहून गेलं. निळं पाणी मात्र छापलं होतं. (ते कुठून आणलं, विचारून कळवा. आम्ही तीन पिढ्या बघतोय, आम्हाला ते चहाच्याच रंगाचं दिसतं.) तरी एक तोडगा सुचतो. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते. पाहुणे तेव्हा बोलवा. भिजतील, पण नाकाला रुमाल लावणार नाहीत.

बाहेरून येऊन उंच जागा धरण्याची इथे परंपराच आहे म्हणा. 1689 साली सिद्दी याकूत खान समुद्रावरून आला आणि जाताना, 1690 मध्ये, आमचा किल्ला जमीनदोस्त करून गेला. आपल्या बिल्डरने नुसती एक चाळ पाडली, म्हणजे सुधारणाच. किल्ल्याच्या त्या टेकडीवर आता काका बॅप्टिस्टांच्या नावाची बाग आहे. काका माथारपाखाडीचे, टिळकांचे मित्र आणि वकील, 1925 साली महापालिकेचे अध्यक्ष. माथारपाखाडीत बाहेरून जिने असलेली लाकडी घरं अजून थोडी उभी आहेत. आपल्याकडचे लोक तिथे फोटो काढायला उतरतात, तेव्हा भेट होते. बागेतून बंदर फुकट दिसतं. त्या देखाव्यातला एक तुकडा आपल्या टॉवरच्या जिमने घेतला आहे. ट्रेडमिलवरची माणसं आमच्याकडे धावत येतात आणि पोचत नाहीत.

राहता राहिले भोंगे. 31 डिसेंबरला रात्री बाराच्या ठोक्याला बंदरातली जहाजं एकदम भोंगे देतात. आमचे अण्णा गोदीत फिटर. वर्षभर दहाला घोरणारा माणूस त्या रात्री खिडकीत उभा राहायचा. हा टगचा, हा तेलाच्या बोटीचा, असं आवाजावरून सांगायचा. खरं-खोटं कोण तपासतो? आम्ही पोरं माना डोलवायचो. अण्णा गेले त्या वर्षी आईने खिडकी उघडली आणि भोंगे थांबेपर्यंत तिथेच उभी राहिली.

आपण त्या आवाजाचीही तक्रार केलीत. गच्चीवरच्या डीजेमुळे ती फोनवर नीट ऐकू जाईना, म्हणून दोनदा करावी लागली, असं आपला वॉचमन म्हणतो. तो आमच्याच चाळीतला.

कळावे,
आपला तळमजल्यावरचा शेजारी

ता. क. आपल्या आणि समुद्राच्या मधल्या मोकळ्या प्लॉटला काल निळे पत्रे लागले. आमच्यासमोर लागले होते, तसेच.