दोनच दिवस

ज्यांच्या फोनमध्ये 'कुत्रेवाल्या ताई' नावाने एक नंबर साठवलेला आहे, त्यांना या बाईंची ओळख करून द्यायला नको. रात्री साडेदहानंतर तो नंबर झळकला की शहाणी माणसं झोपलेली असतात. भाबडी फोन उचलतात आणि ठरलेलं वाक्य ऐकतात, ''काकू, दोनच दिवसांचा प्रश्न आहे हो!'' अर्ध्या तासात चपलांच्या खोक्यातून एक पिल्लू दारात हजर. ताईंचे 'दोन दिवस' हे काळ मोजायचं स्वतंत्र माप आहे. पंचांगात त्याला आधार नाही, पशुवैद्यकात मात्र आहे. पिल्लू सहा ते आठ आठवड्यांचं झालं की पहिली लस, मग दर तीन-चार आठवड्यांनी पुढचे डोस, ते साधारण सोळा आठवड्यांचं होईपर्यंत. म्हणजे ताईंचे दोन दिवस सरळ हिशेबाने दोन-अडीच महिन्यांचे होतात. आजारपण आलं तर अधिकमास वेगळा.

ही शुद्ध थाप आहे, असा आक्षेप घेतला जातो. आहेच. पण खरा आकडा सांगितला तर होकार कोण देईल? आणि होकार न मिळालेल्या पिल्लाची रवानगी होते शेल्टरमध्ये. पार्व्होचा विषाणू जमिनीवर महिनोन्‌महिने टिकतो. लसी अपुऱ्या असलेल्या जिवाला तीस कुत्र्यांच्या सोबतीत ठेवणं म्हणजे साथीला आवतण. मोठ्या कुत्र्यांची अडचण निराळी. पिंजऱ्यात कुत्रं एक तर गजांवर झेपावत भुंकतं, नाही तर कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून बसतं. ते मुळात कसं आहे, हे तिथे कळायला मार्गच नसतो. तेच एखाद्या घरात महिनाभर राहिलं की कळतं, कुकरच्या शिट्टीला घाबरतं, लिफ्टमध्ये शहाण्यासारखं उभं राहतं, चपला चावत नाही, पण पेपरवाल्याशी जुनं वैर असल्यासारखं वागतं. ही माहिती हातात आली की जाहिरात लिहिता येते, आणि ताईंची जाहिरात म्हणजे वधूवर मंडळाच्या वहीतलं पान. शांत, समंजस, मुलांत रमणारा, अपेक्षा माफक. ज्या घराला दोन दिवस म्हणून फसवलं, त्याच घराने हे स्थळ उजवण्यालायक केलेलं असतं. थापेशिवाय हे घडतं, असं कुणी दाखवून दिलं तर मी ताईंची बाजू सोडायला तयार आहे.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: घरोघरी पिल्लं वाटून रस्त्यावरची कुत्री कमी होतात का? नाही होत. कुत्रीची गर्भावस्था जेमतेम दोन महिन्यांची. हा हिशेब दत्तकविधानाने सुटत नाही, नसबंदीनेच सुटतो. गंमत म्हणजे हे ताईंना आपल्यापेक्षा चांगलं ठाऊक असतं. धडधाकट कुत्र्याची नसबंदी झाली, कानाला खूण झाली की त्या त्याला त्याच्याच गल्लीत परत सोडतात, भटक्या कुत्र्यांच्या नसबंदीबाबतच्या 2023 च्या नियमांतही तसंच आहे. घर शोधायचं ते रस्त्यावर तगू न शकणाऱ्यांसाठी: आई मेलेली पिल्लं, गाडीखाली पाय गेलेले, आणि मालकाची बदली झाली म्हणून टोलनाक्यापाशी उतरवलेले लॅब्रेडॉर. मग सगळ्यांनाच शेल्टरमध्ये कोंडा, असं म्हणणाऱ्यांनी एक गोष्ट तारीखवार आठवावी. 11 ऑगस्ट 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरातली भटकी कुत्री उचलून निवाऱ्यांत ठेवायला सांगितलं. 22 ऑगस्टला मोठ्या पीठाने तो आदेश बदलला: रेबीज झालेली किंवा आक्रमक कुत्री वगळून बाकीची नसबंदी आणि लसीकरण करून होती तिथे सोडा, आणि ज्यांना प्रेम आहे त्यांनी रीतसर अर्ज करून दत्तक घ्या. अकरा दिवसांत न्यायालय ताईंच्या वाटेवर आलं. तेवढ्यात ताईंचे दोन दिवससुद्धा संपत नाहीत.

राहता राहिला त्यांचा तापट उलटतपास. घर भाड्याचं आहे का, बाल्कनीला जाळी आहे का, दिवाळीत गावी गेलात तर तो कुठे राहणार, आजींना चालेल का, आणि आजींना फोन द्या. मुलगी देतानाही कुणी इतकं विचारत नाही, ही तक्रार रास्तच आहे. (मुलगी देताना विचारायला हवं, ही माझी वेगळी तक्रार.) पण या तपासामागे एक फोन असतो, जो ताईंना पुनःपुन्हा आलेला आहे. नव्या घरी कुत्रं रुळण्याचा या मंडळींचा ठोकताळा तीनाचा: भीती ओसरायला तीन दिवस, रीत कळायला तीन आठवडे, घर आपलं वाटायला तीन महिने. आणि समोरून आवाज येतो, ''ताई, दोन दिवस ठेवून बघितलं. नाही जमत.'' त्यांचे दोन दिवस शब्दशः पाळणारं माणूस त्यांना भेटतं ते असं. एरवी सोसायटीच्या चेअरमनशी तासभर भांडणाऱ्या ताई इथे वाद घालत नाहीत. जेवला का, एवढंच विचारतात आणि पट्टा घेऊन निघतात. परतताना रिक्षात एका हाताने त्याला धरून दुसऱ्या हाताने नंबर लावत राहतात. साडेदहा वाजून गेलेले असतात, शहाणी माणसं झोपलेली असतात. शेवटी रिक्षा त्यांच्याच दारात थांबते. आत एक आंधळी म्हातारी कुत्री आणि एक तीन पायांचा काळा कुत्रा दाराशी येऊन नव्याला हुंगतात. दोघंही दोनच दिवसांसाठी आलेले, त्याला आता काही वर्षं झाली.