फॅक्टरकाका

फॅक्टरकाकांना ‘कसे आहात?’ असं विचारलं तर ते ‘बरा आहे’ म्हणत नाहीत. ‘सध्या तरी बरा आहे’ म्हणतात. डेट्रॉइटच्या एका मोटार कंपनीत उभा जन्म नट-बोल्टांच्या ताकदीचा हिशेब करण्यात गेला. त्यामुळे जगातली कुठलीही गोष्ट तुटू शकते, यावर त्यांची गाढ श्रद्धा. विमानतळावर ते पाच तास आधी पोचतात. मंडळाच्या गणपतीच्या मखराला त्यांनी मारलेले स्क्रू कुणालाच काढता येत नाहीत, म्हणून दरवर्षी तेच मखर असतं. ‘फॅक्टर ऑफ सेफ्टी ठेवावा रे,’ हे त्यांचं पालुपद. त्यावरून हे नाव.

निवृत्त झाल्यावर त्यांनी १९६६ची डॉज डार्ट घेतली. तिचं सहा सिलिंडरचं इंजिन तीस अंश कललेलं असतं. काकूंच्या मते, त्या घरात जरा कलंडून विसावणारं तेवढंच एक.

या गाडीच्या डाव्या चाकांचे आटे उलटे. चालता चालता नट सैल होऊ नयेत म्हणून क्रायस्लरने त्या काळी ही व्यवस्था केली होती. टायरच्या दुकानातल्या विशीतल्या पोराला हे कुठून ठाऊक असणार? त्याने गन लावली, नट सुटेना, म्हणून आणखी जोर लावला. नट ज्यावर बसतो तो स्टड कडकन तुटला आणि काकांचा चेहरा उजळला. आयुष्यभर ते हेच तर सांगत आले होते!

मग ठरलं, चारही चाकांचे स्टड बदलायचे आणि सात-सोळांश इंचाच्या जागी अर्ध्या इंचाचे बसवायचे.

‘अहो, फरक जेमतेम दीड मिलिमीटरचा,’ मी म्हणालो.

‘व्यासात! छेदाचं क्षेत्रफळ काढ. तीस टक्के वाढतं,’ काका म्हणाले. मी काढलं. वाढतं.

पुढच्या चाकांचे ड्रम आणि हब याच स्टडांनी जखडलेले असतात. स्टडचा काठ दाबून पसरवलेला असतो. तो आधी कटरने कापायचा आणि मगच स्टड प्रेसवर काढायचा. नुसता ठोकून काढला तर भोक मोठं होतं आणि नव्या स्टडच्या दात्यांना पकड मिळत नाही. मी सहज ‘घणाचा एकच ठोका दिला तर?’ असं विचारलं. त्यानंतर बराच काळ काकांनी मला गॅरेजमध्ये फक्त दिवा धरायला ठेवलं.

खरा पेच पुढे होता. डावीकडचे नवे स्टड उलट्या आट्यांचे घ्यायचे की सुलट्या? परंपरा एकीकडे, टायरवाली पोरं दुसरीकडे. अखेर सुलटे आले. उलट्या आट्यांबरोबर, भेटेल त्याला अर्धा तास समजावून सांगायचा विषयही गेला, हे काकांच्या उशिरा लक्षात आलं.

नवे नट थोडं चालवून पुन्हा आवळून पाहायचे असतात. काका देवळाबाहेरही टॉर्क पाना घेऊन उतरतात. त्यांची पहिली प्रदक्षिणा गाडीला.

ऑगस्टातल्या तिसऱ्या शनिवारी वुडवर्ड अव्हेन्यूवर जुन्या गाड्यांची जत्रा भरते, १९९५पासूनची प्रथा. गर्दी एवढी, की पायी चालणारे गाड्यांच्या पुढे जातात. तिथे काका चाकांवरच्या टोप्या डिकीत टाकून आले होते.

‘टोप्या का काढल्या?’

‘नवी पैठणी नेसून वर स्वेटर घालायचा का?’

लोक रंगाची तारीफ करत होते. काका त्यांना खाली वाकवून स्टड दाखवत होते.

‘आता झालं ना समाधान?’ काकूंनी विचारलं.

‘समाधान कसलं? स्टड भक्कम झाला, म्हणजे आता आधी रिम जाणार.’

काकूंनी पर्समधून पत्त्यांची वही काढली आणि रिमवाला कुठल्या गावाला आहे ते विचारून घेतलं. त्या गावात आपलं कुणी राहतं का, हे त्यांना आधीच पाहून ठेवायचं होतं.