मिठाचा तोतया

लखनौच्या चौकात पथ्य आणि कुपथ्य इतकी शेजारी राहतात, की एकाच्या घरात फोडणी पडली तर दुसऱ्याला ठसका लागावा. किंग जॉर्ज वैद्यकीय विद्यापीठ याच भागात आहे. त्याची पायाभरणी १९०५ साली प्रिन्स ऑफ वेल्सच्या, म्हणजे पुढच्या पंचम जॉर्जच्या हस्ते झाली. टुंडे कबाबी हे दुकानही आपला जन्म १९०५ सालचाच सांगते. एकाच वर्षात या मोहल्ल्याने खाण्याची आणि खाल्ल्यानंतरची, अशा दोन्ही सोयी करून ठेवल्या, याला मी दूरदृष्टी म्हणतो. विद्यापीठाच्या हृदयरोग विभागाला सारे शहर नुसते ‘लारी’ म्हणते. तिथून बाहेर पडलेला माणूस हातातली चिठ्ठी वाचत वाचत चार गल्ल्या चालला, तर निहारीच्या वासापाशी येऊन अडखळतो. चिठ्ठीवर लिहिलेले असते : नमक कम.

आमचे काका नोकरीच्या निमित्ताने या शहरात आले आणि इथलेच झाले. रिक्षावाल्याला ‘आप’ म्हणण्याची सवय त्यांच्या मराठीतही झिरपली आहे, इतकी की आपल्या रक्तदाबाबद्दलही ते आदरार्थी बहुवचनातच बोलतात. “आज साहेब जरा वर आहेत,” असे ते सकाळी दंडावरचा पट्टा सोडताना म्हणतात आणि काकू चहाबरोबरची मठरी निमूटपणे उचलून नेतात. डॉक्टरांनी दिवसाला पाच ग्रॅम मीठ सांगितलेले, म्हणजे सपाट चमचाही भरायचा नाही. आणि त्यातच आमटी, भाजी, भाकरी, चटणी सगळ्यांचा वाटा. काकांनी हा आकडा ऐकला तेव्हा त्यांचा चेहरा तनखा खालसा झालेल्या संस्थानिकासारखा झाला होता म्हणे.

तनखा खालसा झाला की माणूस पळवाटा शोधतो. पहिली पळवाट सैंधवाची. उपवासाला चालते ते रक्तदाबाला का चालू नये, असा काकांचा युक्तिवाद होता आणि त्यात एक प्रकारचे धार्मिक सौंदर्यही होते. पण सैंधवाचा गुलाबीपणा हा केवळ प्रसाधनाचा भाग. आत जवळजवळ सगळे तेच सोडियम क्लोराइड. मग पादेलोण झाले. त्याला चाटच्या गाडीवरचा उग्र, थोडा गंधकी रुबाब आहे, पण कूळ तेच. शेवटी चौकातल्या किराणावाल्याने फडताळातून एक पाकीट काढून अदबीने पुढे केले. “हुज़ूर, लो सोडियम.” जणू एखाद्या खानदानी पण सध्या ओढगस्तीत असलेल्या गृहस्थाची ओळख करून द्यावी, असा त्याचा सूर होता.

या गृहस्थाचे खरे नाव पोटॅशियम क्लोराइड. मूलद्रव्यांच्या कोष्टकात सोडियमच्याच रकान्यात, बरोबर एक घर खाली त्यातल्या पोटॅशियमचा मुक्काम. पाकिटात तो एकटा नसतो. नेहमीच्या मिठात थोडा मिसळलेला असतो. रंग पांढरा, कण चौकोनी, चालही तशीच. पण जिभेवर आला की बोली फुटते. जिभेला सोडियमसाठी स्वतंत्र दरवाजे आहेत, चौकाला गोल दरवाजा आणि अकबरी दरवाजा आहेत तसे, आणि तिथले पहारेकरी पोटॅशियमला सहसा आत घेत नाहीत. मग ते बाहेरच्या वाटेने कडवट, धातूसारखी चव घेऊन येते. पानिपतानंतर पुण्याला भाऊसाहेबांचा तोतया आला होता, त्याची मला आठवण होते. दिसायला थेट भाऊसाहेब, म्हणून कितीतरी शहाणी माणसे फसली. पण घरच्या माणसाने दोन वाक्ये बोलायला लावली की संपले.

खरे तर तोतयांचे कौतुक करावे ते लखनौनेच. अब्दुल हलीम शरर यांनी जुन्या लखनौबद्दल लिहिताना इथल्या रकाबदारांच्या, म्हणजे खास आचाऱ्यांच्या, एकेक करामती सांगितल्या आहेत. बदामाचे तांदूळ आणि पिस्त्याची डाळ कोरून केलेली खिचडी. नवाब वाजिद अली शाहांनी दिल्लीच्या एका शाहजाद्यापुढे मुरंबा ठेवला आणि तोंडात घातल्यावर तो कोरमा निघाला. शाहजाद्याने उलट मेजवानी दिली, तर त्यात भात, सालन, लोणचे सगळे साखरेचे! फसवणाऱ्याने जीव ओतायचा आणि फसणाऱ्याने दाद द्यायची, असा तो शिष्टाचार. दात गेलेल्या नवाबासाठी ओठांनी मोडावा असा कबाब जन्मला, अशी इथली आख्यायिका आहे. एवढ्या प्रेमळ स्वयंपाकघराने दातांची काळजी घेतली, धमन्यांची नाही, ही तक्रार मला मात्र करवत नाही. रक्तदाब मोजायला दंडाला बांधायचा पट्टा इटलीत रिवा-रोची यांनी १८९६ साली आणला. वाजिद अली शाह १८८७ सालीच निवर्तले होते. आपले साहेब वर आहेत की खाली, हे एकाही नवाबाला कधी कळले नाही. कसे निश्चिंत जेवले असतील!

त्या मानाने आमचा पाकिटातला तोतया फारच प्रामाणिक. तो कोरमा होऊन येत नाही, फक्त मीठ होऊ बघतो, आणि तेही पूर्ण जमत नाही. पण त्याच्या पदरी एक मोठे पुण्य आहे. चीनमधल्या सहाशे खेड्यांत जवळजवळ २१ हजार माणसांवर झालेल्या आणि २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, ७५ भाग नेहमीचे मीठ आणि २५ भाग पोटॅशियम क्लोराइड खाणाऱ्यांत पक्षाघाताचे प्रमाण १४ टक्क्यांनी कमी आढळले. ही बहुतेक पक्षाघात येऊन गेलेली, किंवा साठी ओलांडलेली आणि रक्तदाबाची माणसे होती. म्हणजे काकांचेच भाऊबंद. हे वाचून दाखवल्यावर काकांनी पाकिटाकडे प्रथमच आदराने पाहिले आणि ‘ते’ म्हटले.

तरी मीठ काही फक्त मिठाच्या डब्यात नसते. काकूंच्या फडताळात रत्नागिरीहून आलेली लोणच्याची बरणी आहे, सांडगी मिरच्या आहेत, पापड आहेत. आणि पापडातला पापडखार हाही सोडियमचाच वंशज. ज्या मिठासाठी १९३० साली शिरोड्याला आणि वडाळ्याला माणसांनी लाठ्या खाल्ल्या, ते आता इतके स्वस्त आणि इतके सर्वत्र झाले आहे की त्याला घराबाहेर काढायला वेगळा सत्याग्रह हवा.

काकांना तो मार्ग गाण्यात सापडला. भातखंडे यांनी १९२६ साली या शहरात संगीताचे महाविद्यालय काढले. पंडितजींची क्रमिक पुस्तके काकांच्या उशाशी असतात. एका संध्याकाळी मालकंस गुणगुणता गुणगुणता ते थांबले आणि म्हणाले, “यात ऋषभ नाही, पंचम नाही. पण कुणी म्हणतं का, की राग अळणी आहे?” पंचमाच्या जागी दुसरा कुठला स्वर दडपून बसवायचा नाही, ती जागा मोकळी ठेवून बाकीच्या सुरांना मोठे होऊ द्यायचे. तेव्हापासून त्या घरात लिंबू, आमसूल, भाजलेले जिरे आणि ओली कोथिंबीर यांना बढती मिळाली. तोतया राहिला, पण चिमटीपुरता. जिभेचेही असे आहे की काही आठवडे दम धरला तर ती कमी मिठाला सरावते. थंडीत गोल दरवाजापाशी मक्खन मलाई मिळते, केशरी फेसाचा तो डोंगर मिठाशिवायच जन्माला येतो; काका त्याच्याकडे आता गुरुबंधूसारखे बघतात. साखरेचा विषय त्यांनी अजून डॉक्टरांकडे काढलेला नाही.

काकू मात्र ताट वाढताना डावीकडे, लिंबाच्या फोडीच्या वर, चिमूटभर मीठ अजूनही वाढतात. ते त्या पाकिटातलेच असते आणि काका त्याला हात लावत नाहीत. “तिथं काही नसलं तर ताट कुणाचं कळत नाही,” एवढेच काकू म्हणतात. काकूंचा स्वतःचा रक्तदाब अगदी व्यवस्थित आहे. तरी आमटी एकाच पातेल्यात होते, काकांच्या पथ्याची. आणि काका पुटपुटले की “मला चांगली लागते” असे सांगून त्या दुसऱ्यांदा वाढून घेतात. यातले खरे किती, हे शोधायला मी गेलो नाही.

आता एक गोष्ट गद्यात सांगतो. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२५ मध्ये या लो सोडियम मिठाची शिफारस केली, ती अटी घालून : मूत्रपिंडाचे रुग्ण, गर्भवती आणि लहान मुले यांना वगळून. पोटॅशियम बाहेर टाकायचे काम मूत्रपिंडांचे. ती थकली असतील, किंवा रक्तदाबाच्या काही गोळ्या चालू असतील, तर ते रक्तात साचते आणि हृदयाचा ताल बिघडवते. तेव्हा पाकीट घरी आणण्याआधी त्याच्या मागची बारीक अक्षरे भिंग घेऊन वाचा, आणि आपल्या गोळ्यांच्या चिठ्ठीसकट ते एकदा डॉक्टरांपुढे ठेवा.