घटनेविना घटना

ब्रिटनचं कौतुक करावं तेवढं थोडं. भोईवाड्यातल्या गणेशोत्सव मंडळालाही नोंदणीसाठी धर्मादाय आयुक्तांकडे लेखी घटना द्यावी लागते. ब्रिटनने तसल्या बाडाविनाच युरोपीय संघ सोडला.

2016 मध्ये कौल घेतला. मग सोडचिठ्ठी द्यायचा अधिकार कुणाचा, हे न्यायालयाला ठरवावं लागलं. 2019 मध्ये पंतप्रधानांनी संसद संस्थगित करवली, तर 11 न्यायमूर्ती एकमुखाने म्हणाले, झालीच नाही!

आपण मागासच. 1960 मध्ये द्विभाषिक मुंबई राज्य मोडायला लेखी घटनेतला अनुच्छेद 3 आणि एक कायदा पुरला. (हुतात्मे त्यात मोजलेले नाहीत.)

सबब भोईवाड्यातल्या मंडळांनी आधी घटना विसर्जित करावी, मगच फुटावं. गणपती नव्या मंडपात जाईल. उत्तर आयर्लंडच्या धर्तीवर उंदीर मात्र जुन्याच मंडपाच्या नियमांत राहील.