डिसाबाईंची मिजास

ऑर्किड म्हटलं की डोळ्यांपुढे काचघर येतं, आतला दमट उकाडा येतो आणि चष्मा पुसत फवारा मारणारे एक सद्गृहस्थ येतात. केपटाऊनच्या टेबल माउंटनवरच्या डिसा युनिफ्लोराला यातलं काही नको. सद्गृहस्थ तर मुळीच नकोत. तिचा मुक्काम झऱ्याच्या काठी, धबधब्याच्या तुषारांत, कपारीतल्या शेवाळात. पायाशी गार वाहतं पाणी, डोक्यावर ढगांची चादर. तिथल्या ऐन उन्हाळ्यात, जानेवारी ते मार्चमध्ये, ती तळहाताएवढं लालभडक फूल काढते. तोडायला कायद्याने बंदी आहे. तिथल्या प्रांतीय रग्बी संघाचे रेड्यासारखे गडी मात्र हेच फूल छातीवर मिरवत एकमेकांना चिखलात लोळवतात.

थाट राणीचा असला तरी खाणंपिणं फकिराचं. डोंगर वालुकाश्माचा, त्यातून झिरपणारं पाणी आम्लधर्मी, क्षार नावालाच. वर झुडपांचा पाला मुरून ते कोऱ्या चहाच्या रंगाचं होतं. बाईंना तेवढं पुरतं. घरी लावायची तर धुतलेली जाड वाळू किंवा स्फॅग्नम शेवाळ घ्यावं, पाणी पावसाचं नाहीतर आरओचं. मुळं सुकता कामा नयेत आणि तापताही कामा नयेत. हाडाचे हौशी लोक कुंड्या तबकात मांडून छोट्या पंपाने पाणी फिरवत ठेवतात. खत द्यायचंच तर इतकं पातळ की खतालाच स्वतःच्या अस्तित्वाची शंका यावी.

हा शेवटचा नियम मराठी घरात टिकणं अवघड. नोकरीनिमित्त आम्ही केपटाऊनला होतो तेव्हा नर्सरीतून आणलेली एक डिसा आमच्या बाल्कनीत होती. सांगलीहून आई आली. बॅगा उघडायच्या आधी तिने कुंडी पाहिली.

"काय रे हे! नुसत्या वाळूत? खायला-प्यायला काही घालतोस की नाही?"

"आई, हिला खाऊ घातलं की ही मरते."

"असं कुठे असतं होय!"

हा प्रश्न नव्हता, निकाल होता. त्यानंतर तांदळाचं धुवण, आंबट ताक आणि चहाचा चोथा यांना बाल्कनीच्या दारात अडवणं हीच माझी खरी बागकाम-साधना झाली. चार पाहुण्यांदेखत उपाशी दिसणारं झाड तिला घराण्याची बदनामी वाटे. फूल गळल्यावर जुनं झाड वाळून जातं आणि शेजारच्या नव्या कंदातून पुढचं उभं राहतं, हेही मी तिला समजावलं. "तुझ्या उपासमारीला नाव बरं शोधलंस," ती म्हणाली.

एवढा जाच नको असेल तर संकर आहेत. इंग्लंडच्या व्हीच नर्सरीने 1891 मध्येच डिसाचा पहिला संकर फुलवला होता आणि हल्लीचे संकर मूळ बाईंपेक्षा बरेच समजूतदार असतात. पण उन्हाळा त्यांनाही गारच लागतो. सांगलीच्या मे महिन्यात नेलंत तर पंचनामाच करावा लागेल.

लग्नाच्या बाबतीतही बाई चोखंदळ. डोंगरावर तिचं परागीभवन करतं ते एकच मोठं तपकिरी फुलपाखरू, टेबल माउंटन प्राइड. त्याला लाल रंगाचं वेड. इतकं, की गिर्यारोहकांच्या लाल टोप्या आणि शर्टांकडेही ते फूल समजून झेपावतं. आईला रानातली डिसा दाखवायला डोंगरावर नेलं, तेव्हा हे सांगायचं राहूनच गेलं. तिने नेमकी लाल शाल घेतलेली. झऱ्यापाशी पोचतो न पोचतो तोच फुलपाखरू आलं, समोरच्या खऱ्या डिसाला ओलांडून आईच्या खांद्याभोवती गिरक्या घालू लागलं.

आई जराही दचकली नाही. माझ्याकडे विजयी मुद्रेने पाहत म्हणाली, "बघ. त्यालासुद्धा कळतं, खायला कोण घालतं ते."