पाटी बदलून मिळेल

इंग्लंडमध्ये विद्यापीठाच्या वाटेवरची ए-लेव्हल परीक्षा १९५१पासून ठाण मांडून बसली आहे. तिला हटवायची छाती कुणाची? जुनं मोडून नवं आणायचा सगळा हुरूप निघतो तो हाताने काम शिकणाऱ्या पोरांच्या प्रमाणपत्रांवर. जीएनव्हीक्यू नावाचं प्रमाणपत्र २००७मध्ये गुंडाळलं. २००८मध्ये डिप्लोमा आणला, तोही काही वर्षांतच मोडीत. २०२०मध्ये टी-लेव्हल आली आणि पुढे बीटेक (आपलं इंजिनिअरिंगवालं नव्हे!) नावाच्या जुन्या प्रमाणपत्रांवर कुऱ्हाड पडली. आता म्हणे व्ही-लेव्हल येणार. मुळाक्षरं अजून पुष्कळ शिल्लक आहेत!

अठरा वर्षांची पोरगी बालसंगोपनाचं प्रमाणपत्र घेऊन नोकरी मागायला जाते. पाळणाघराची बाई कागद उलटापालटा करून विचारते, "हे कुठलं गं नवीन?" नवीन कसलं, तेही बंद व्हायला आलंय.

ए-लेव्हलबद्दल असं कुणी विचारत नाही.